धोतऱ्याचे विष, डोळ्यांचे औषध

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणाऱ्या एखाद्या मुलाला पैलतीरीचा तेरेखोलचा किल्ला नुसता धूसर ठिपका दिसतो. हातातल्या पुस्तकातील बारीक अक्षर मात्र तो बिनचूक वाचतो. हीच ऱ्हस्वदृष्टी. अशा मुलाचा डोळा वाढीच्या वयात वाजवीपेक्षा लांबट होत जातो. चष्म्याने किल्ला स्पष्ट दिसू लागतो, पण साध्या चष्म्याने डोळ्याचे लांबणे थांबत नाही. नंबर फार वाढला, तर ताणून पातळ झालेले दृष्टिपटल पुढे प्रौढपणी सुटण्याचा धोका असतो. खरी चिंता आहे ती ह्याची.

हे लांबणे मंदावणारे औषध म्हणजे ॲट्रोपीन. बेलाडोना नावाच्या वनस्पतीपासून ते मिळते, आणि कुंपणाकडेच्या धोतऱ्याच्या विषातही ते असते. ह्या विषाची गोमंतकाला ओळख जुनी आहे. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अन्नात धोतरा कालवून माणसाला भ्रमिष्ट करणाऱ्या आणि लुटणाऱ्या चोरांची हकीकत त्यात आहे. तेच विष नातवाच्या डोळ्यांत घालायचे म्हटल्यावर आजी दचकली तर नवल नाही.

सारे मर्म प्रमाणात आहे. एक टक्क्याच्या थेंबाने बाहुली विस्फारते, ऊन सोसवत नाही, जवळचे अक्षर पुसट होते. शिवाय औषध थांबविताच नंबर पुन्हा झपाट्याने चढतो. म्हणून सिंगापुरातील डॉक्टरांनी ०.०१ टक्क्याचा सौम्य थेंब वापरून पाहिला व २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाँगकाँगमधील २०१९ च्या चाचणीत ०.०५ टक्क्याचा थेंब अधिक गुणकारी ठरला. उलट अमेरिकेत २०२३ साली ०.०१ टक्क्याच्या थेंबाचा काहीच उपयोग दिसला नाही. तेव्हा शेजारच्या मुलाची बाटली आपल्या मुलास चालेल, असे कोणी समजू नये. प्रमाण नेत्रतज्ज्ञानेच ठरवावे.

थेंब रोज रात्री निजताना घालायचा, तोही वर्षानुवर्षे. चढलेला नंबर त्याने उतरत नाही, चष्मा सुटत नाही. केवळ पुढची वाढ मंदावते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ पालक दोन महिन्यांत कंटाळून बाटली फळीवर ठेवतात. ती फळी तरी उंच असावी, कारण धाकट्या भावंडाच्या पोटात गेल्यास ते औषध विषच आहे.

ज्यांना अद्याप चष्मा लागलेला नाही, त्यांना थेंबापेक्षा दिवसाचा उजेड अधिक उपयोगी. रोज दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळतो. केरीच्या वाळूत त्याला पैसा पडत नाही. शिकवणीच्या वेळा तेवढ्या सरकवाव्या लागतील.