तेंदूच्या हंगामात लिथियमची गोळी

मे महिन्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली माणसं पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. पारा 45 अंशांच्या पुढे. यांच्यातच कुणी उन्माद-नैराश्याच्या आजारासाठी लिथियमची गोळी घेणारं असतं. मला काळजी त्या माणसाची आहे.

घरचे विचारतात, ‘‘डॉक्टर, या गोळीनं मेंदूला अपाय होऊ नये म्हणून क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ का?’’ प्रश्न मायेचा आहे आणि निराधारही नाही. मनोविकारांवरच्या इतर काही औषधांनी तोंडाच्या, जिभेच्या नको त्या हालचाली सुरू होतात. त्यावर ई जीवनसत्त्वाचे छोटे प्रयोग झाले, आशा वाटली. पण 1999 साली अमेरिकेत 158 रुग्णांवर, काहींवर दोन वर्षांपर्यंत, झालेल्या मोठ्या प्रयोगात त्याचा फायदा दिसला नाही. आपल्या जंगलातला आवळा जरूर खा, त्यात क जीवनसत्त्व भरपूर आहे. पण लिथियमच्या विषबाधेपासून तो वाचवील, या भरवशावर राहू नका.

खरा धोका घामात आहे. लिथियम हा मिठासारखाच क्षार. अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं, की मूत्रपिंड उरलेलं मीठ धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. रक्तातलं प्रमाण साधारणपणे लिटरला 0.6 ते 1.0 मिलीमोल असावं, 1.5 च्या वर गेलं, की विषबाधेची भीती. हात जास्त थरथरतो, चाल लटपटते, बोलणं जड होतं, उलट्या-हगवण लागते. फार वाढलं तर तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही लक्षणं दिसली तर ‘ऊन लागलं’ म्हणून घरी झोपवू नका. पुढची गोळी न देता लगेच दवाखान्यात न्या. एरवी मात्र गोळी मनानं बंद करू नका, आजार उसळतो.

आणखी एक. पानं तोडून अंग दुखतं, मग दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणलं जातं. त्यानंही लिथियम वाढतं. दुखण्यावर काय घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारा. पाणी सोबत न्या, जेवणातलं नेहमीचं मीठ एकाएकी तोडू नका.

हंगाम सुरू होण्याआधी रक्त तपासून घ्या. रात्री गोळी घेतली, की सकाळची गोळी न घेता, बरोबर 12 तासांनी रक्त द्यायचं.