आजींचं चुकलं नव्हतं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी विंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची. जिन्यात सायकल ठेवली म्हणून जिच्या घराचा नंबर नोटीस बोर्डावर लागला होता, ती मीच! सध्या डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्याच सोसायटीत मी माझं पहिलं संशोधन केलं. त्याबद्दल बोलायला कार्यकारिणीने सांगितलंय.

विषय होता, गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप ज्येष्ठांना कितपत वापरता येतं. पाच जणांना विचारलं. पाचच का? याकोब नील्सन या तज्ज्ञांनी २००० साली मांडलं होतं, की पाच माणसांना वापरताना नीट पाहिलं तरी बहुतेक अडचणी कळतात. पद्धत सोपी. समोरच्याला एक काम द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं.

हे गप्प बसणंच मला जमेना! पहिल्याच काकांकडे दोन मिनिटांत मी म्हटलं, "अहो काका, इथे दाबा ना." काकांचं काम झालं, माझी चाचणी वाया गेली. सर म्हणाले, "तू घरी गेल्यावर त्यांना कोण सांगणार?"

ए विंगमधल्या काकूंना जन्मतारीख भरायची होती. कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्याचं. काकू एकेक महिना मागे जाऊ लागल्या. सत्तर वर्षं गुणिले बारा, म्हणजे ८४० वेळा बोट लावायचं! वरच्या सालावर बोट ठेवलं की वर्षांची यादी येते, पण तसं तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकूंनी शेवटी चालू वर्षच ठेवलं. ॲपच्या हिशेबाने त्या तान्ह्या बाळ झाल्या.

आता पहिल्या मजल्यावरच्या आजींचं सांगते. त्या पहिल्या रांगेत बसल्यात आणि "बिनधास्त सांग" म्हणाल्यात. मी चाचणीपुरती एक आठवण लावली होती. घंटी वाजली. आजींनी आवाज बंद करायला फुलीवर बोट ठेवलं. ॲपने त्याचा अर्थ लावला, गोळी घेतली नाही. दहा मिनिटांनी पुन्हा घंटी.

मी वहीत लिहिलं, 'वयामुळे गोंधळ'. तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, "अगं, मागे असंच झालं होतं. गोळी घेतली होती, तरी पुन्हा वाजलं. वाटलं, विसरलेच असेन. बीपीची गोळी दुसऱ्यांदा घेतली. चक्कर येऊन स्वयंपाकघरात खाली बसले. मुलाला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, आईला आता झेपत नाही."

घरी येऊन मी वहीतली ती ओळ खोडली. आजींनी गोळी वेळेवर घेतली होती. चूक त्या फुलीची होती. पण आजी इतके दिवस स्वतःलाच दोष देत राहिल्या, आणि मीही तेच लिहून मोकळी होणार होते.

मग मी कागदावर नवीन स्क्रीन काढले. फुलीच्या जागी तीन बटणं: 'गोळी घेतली', 'नंतर घेते', 'फक्त आवाज बंद'. आजींना दाखवले. त्यांनी विचारलं, "पण आधीची घेतली का, ते कुठे दिसतं?" हे मला सुचलंच नव्हतं! आता वर ठळक ओळ आहे: 'शेवटची गोळी: आज सकाळी ८.०५'. ती डिझाइन आजींची. अर्थात हे सगळं अजून कागदावरच आहे, त्या ॲपमधली फुली आहे तिथेच आहे.

म्हणून दोन विनंत्या. ज्येष्ठांनो, फोनवर काही अडलं तर "मला कळत नाही" म्हणू नका. "हे नीट केलेलं नाही" म्हणा, आणि गोळीची शंका असेल तर दुसरी घेण्याआधी घरच्यांना किंवा डॉक्टरांना विचारा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, आजीच्या हातातून फोन ओढून "दे, मी करते" म्हणण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

दर रविवारी सकाळी ११ वाजता मी सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसणार आहे. फोन घेऊन या. मी गप्प बसायचा प्रयत्न करीन!