विसार देण्यापूर्वी

श्रोतेहो, निवृत्त झाल्यावर रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावी चार खोल्यांचे घर घेऊन समुद्राचा वारा खात उरलेले आयुष्य स्वस्थपणे घालवावे, अशी मनीषा मुंबईपुण्याच्या ज्या चाकरमान्यांनी वर्षानुवर्षे बाळगली आहे, त्यांना मला आज एवढेच विनवायचे आहे की, घर पाहण्यापूर्वी आळी पाहा, आणि ती आषाढात पाहा.

आपण मंडळी येता मे महिन्यात. त्या दिवसांत दलालाने दाखविलेले घर म्हणजे हापूसच्या पेटीतला वरचा थर. फळे गोमटी, रंग केशरी. परंतु जाणते गिऱ्हाईक गवत बाजूस सारून खालच्या थरात हात घालते, आणि तेवढ्यानेही समाधान न होता एखादे फळ कापावयास सांगते, कारण गर नासवणारा साका बाहेरून दिसत नाही. आळीतला साकाही पावसाने कापल्यावाचून दिसत नाही. मे महिन्याचा उपयोग एकच, विहिरीचे पाणी चाखण्याचा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात त्या तेव्हाच.

आषाढी पौर्णिमेस अगर अमावास्येस या. दुपारी बाराच्या सुमारास भरती पुरी होते, आणि त्याच वेळी पाऊस कोसळत असला म्हणजे वहाळाचे पाणी खाडी पोटात घेत नाही. ते माघारी फिरून सखल आळीत शिरते. शेजारच्या जुन्या घराचे जोते कमरेइतके उंच आणि आपल्या नियोजित बंगल्याचे रस्त्याशी समतल असेल, तर वाडवडिलांना जे कळत होते ते कंत्राटदारास कळले नाही, असे खुशाल समजावे. फाटकाची बिजागरी चाचपा. गंजाचे पापुद्रे बोटांस लागले, तर स्लॅबातल्या सळ्यांचे भवितव्यही समजले. मिऱ्या-पंधरामाडच्या बाजूस समुद्राला दगडांचा बंधारा घालावा लागला, तो काही शोभेसाठी नव्हे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० च्या सुमारास राजवाडा उभा राहिला, तोही भाट्याच्या खाडीवर, पण चांगला उंचावर. कैदेतल्या राजाला जे लाभले, ते आपण पदरचे पैसे मोजून सोडावे काय?

सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, पाखाडीची वहिवाट हे सारे आपण वकिलाकडून तपासून घेता; भरतीरेषेलगतच्या ५०० मीटरांच्या पट्ट्यावर १९९१ पासून निर्बंध आहेत, हेही आपण जाणता. परंतु दस्तऐवजात आषाढ लिहिलेला नसतो, म्हणून पुन्हा सांगतो, आळी आषाढात पाहा.

मिरकरवाड्याच्या बंदराशेजारी राहावयास जाऊन मासळीच्या वासाची तक्रार करणाऱ्यांविषयी, बंदर त्यांच्या आधीचे आहे हे स्मरून, पुष्कळ बोलावयाचे होते; पण निवेदकांनी बोट वर केले आहे, तेव्हा ते राहू द्या.

दलाल म्हणेल, दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे. उभे असू द्या. विसाराची रक्कम खिशातच ठेवा, आणि एक आषाढ थांबा.