भाकरीवर गुरगुरणारा कुत्रा



पारनेर, संगमनेर, अकोल्याकडच्या वस्त्यांवर कुत्र्यावाचून चालत नाही. बिबट्याची चाहूल आधी त्यालाच लागते. पण हाच राखणदार भाकरी पुढ्यात आली की घरच्यांवर गुरगुरतो, असं बचत गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो. घरात रांगतं लेकरू असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

असा कुत्रा माजलेला नसतो, धास्तावलेला असतो. आपला घास कुणीतरी हिसकावणार, ही त्याची भीती. माणूस जवळ येताच तो अंग ताठ करतो, भराभर गिळतो, तिरका बघतो आणि मग गुरगुरतो. गुरगुरणं म्हणजे इशारा. त्यासाठी काठी मारली तर तो इशारा द्यायचं सोडतो आणि थेट चावतो. भांडं ओढून घेतलं तर त्याची भीती खरीच ठरते.

मग करायचं काय? त्याला रोज ठरल्या वेळी, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, एका कोपऱ्यात खाऊ घाला. दोन कुत्रे असतील तर भांडी लांब लांब ठेवा. तो खात असताना लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका.

सवय मोडायचं काम मोठ्या माणसानंच करावं. तो ताठ होणार नाही इतक्या लांबून जाता जाता भाकरीपेक्षा चवदार तुकडा टाकायचा, उकडलेल्या अंड्याचा किंवा मटणाचा, आणि पुढं निघायचं. काही दिवसांनी तुम्हाला बघून तो शेपटी हलवू लागला, की एक पाऊल जवळ. पुन्हा ताठ झाला, तर एक पाऊल मागं. घाई नको. तोंडात चप्पल धरली असेल तरी ओढू नका. दुसरा तुकडा लांब टाका, तो आपसूक सोडेल.

शांत कुत्रा एकाएकी असा वागू लागला, तर दात किंवा पोट दुखत असेल. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर रेबीजचा धोका असतो. त्याच्या तोंडात हात घालू नका, लेकरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं मोफत मिळते. सांगितलेल्या तारखांना सगळे डोस घ्या. कुत्रा घरचाच आहे म्हणून थांबू नका. आणि त्यालाही तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस द्या, पुढं दरवर्षी.

भरवशानं दोन घास खाणारा कुत्राच घर भरवशानं राखतो.