वीजबिलावर दाद कुठे मागायची?

दारव्हा असो की वणी, विजेचा दर महावितरण स्वतः ठरवत नाही. तो ठरवतो १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग. दरवाढीचा प्रस्ताव आधी जाहीर होतो आणि त्यावर कोणताही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो. हा हक्क आपण फार कमी वापरतो, याची खंत वाटते.

बिल थकलं, तरी १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर ‘हरकत राखून’ असं लिहून रक्कम भरा, जोडणी टिकते. तक्रार सुटली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. तक्रारीची पोच मात्र जपून ठेवा.