वार्धक्याला जागा कोठे?

(भंडारा येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दाराची रुंदी किती असावी, हा प्रश्न राजकीय आहे असे सहसा कोणी म्हणणार नाही. तो अभियंत्याचा, फार तर गवंड्याचा प्रश्न समजला जातो. परंतु ज्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही, त्या दारामागे एक माणूस उरलेले आयुष्य कोंडला जातो. मग कोणाचे दार रुंद व्हावे आणि कोणाचे अरुंदच राहावे हे ठरवते कोण, असे विचारले की तो प्रश्न गवंड्याचा राहत नाही.

ज्येष्ठांच्या घरांसाठी महाराष्ट्रात मानके आहेत. स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२४ साली ती घालून दिली. इमारत एका मजल्याहून उंच असल्यास लिफ्ट हवी. दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत. जिना १,५०० मिलिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना कठडे असलेला हवा. न्हाणीघरात आधाराचे दांडे व न घसरणारी फरशी हवी. ही कलमे चांगलीच आहेत. ग्यानबाची मेख निराळीच आहे. जो विकासक 'ज्येष्ठांसाठी' म्हणून सदनिका बांधून विकतो, त्याला ही मानके लागू होतात. म्हणजे मानक माणसाच्या वयाला जोडलेले नाही, विक्रीखताला जोडलेले आहे. ज्याला विकत घेणे परवडते, त्याच्याच गुडघ्यांची चिंता नियमाने वाहिली आहे.

आता भंडारा जिल्ह्याकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. त्या वर्षी राज्यात साठीपुढील माणसांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. तेच प्रमाण येथे धरले, तरी जिल्ह्यातील वृद्धांची संख्या लाखावर जाते. ही माणसे कोण? धानाच्या रोवणीत ज्यांची कंबर वाकली त्या बाया. तासन्‌तास मांडी घालून बिड्या वळल्याने ज्यांचे गुडघे आखडले त्या कामगार स्त्रिया. पितळेची भांडी घडवताना ज्यांनी आयुष्य भट्टीपाशी काढले ते कारागीर. त्यांच्या घराला मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि उंच उंबरठा असतो. नाहीतर शासनाचे घरकुल असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविले आहे. मुलगा पोटापाण्यासाठी नागपूर-पुण्याला गेला, की त्या घरात म्हातारा-म्हातारीच उरतात. भंडारा जिल्ह्यातील ज्येष्ठांची वसाहत ती हीच! तिला कोणी विकासक नाही, म्हणून मानकही नाही.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमाने निराधारांसाठी तरतूद केली. कलम १९ असे की, राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक याप्रमाणे, निदान १५० निराधार वृद्ध राहू शकतील असे वृद्धाश्रम सुगम ठिकाणी उभारावेत. पण मूळ कलमातील क्रियापद 'उभारील' असे नाही, 'उभारू शकेल' असे आहे. एका क्रियापदाने हक्काचे दान झाले. दान मागावे लागते आणि ते मिळाले नाही तर दाद कोठेच मागता येत नाही.

त्याच कलमातील 'सुगम ठिकाणी' या शब्दांवर मात्र भर दिला पाहिजे. जमीन जेथे स्वस्त, तेथे वृद्धाश्रम, हा आजवरचा अर्थव्यवहार आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने शेती विभागातही वृद्धाश्रमांना वाव ठेवला. हेतू वाईट नसेल. पण परिणाम असा होतो की वार्धक्य गावाबाहेर जाते. दवाखाना, एस.टी. थांबा, बाजार आणि ओळखीची माणसे यांपासून चार मैलांवरची स्वच्छ, हवेशीर खोली ही शेवटी कोठडीच होय.

वस्ती आखताना वृद्ध कसे निसटतात, याचा दाखला वैनगंगेकाठीच आहे. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली आणि पवनी-भंडारा भागातील गावे उठून नव्या गावठाणांत गेली. १९९९ च्या पुनर्वसन कायद्यात अशा गावठाणांसाठी नागरी सुविधांची यादी आहे. तीत शाळा आहे, चावडी आहे, रस्ते, गटारे व वीज आहे, खळवाडी आहे, स्मशानभूमीची जागाही आहे. शाळा आणि स्मशान यांच्या मधला जो काळ, त्यासाठी त्या यादीत वेगळी जागा नाही.

मानके कागदावर राहिली की काय होते, हेही या शहराला शिकवावे लागू नये. जानेवारी २०२१ मध्ये येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. जो स्वतः उठून पळू शकत नाही, त्याच्यासाठी इमारत हेच संरक्षण असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची स्थिती त्या अर्भकाहून वेगळी नसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला संस्कृतीचा: आपल्याकडे मुले आईबापांना सांभाळतात, मानके कशाला? परंतु घरकुलात रुंद दार आणि उतरता रस्ता असेल, तर सांभाळणाऱ्या सुनेचेच कष्ट हलके होतात. दुसरा आक्षेप पैशाचा. जोत्याशी उतार आणि भिंतीत लोखंडी दांडा बांधकामाच्या वेळी थोडक्यात होतो. नंतर भिंत फोडून करणे महाग पडते. तो मुळीच न केल्यास खुब्याचे हाड मोडते आणि तो खर्च कुटुंबावर कोसळतो. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली महिना १,५०० रुपये करण्यात आली, म्हणजे दिवसाला ५०. त्यातून शस्त्रक्रिया होत नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. भंडारा, तुमसर, पवनी या नगरपालिकांच्या विकास योजनांत दवाखान्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर वृद्धनिवासासाठी भूखंड आरक्षित व्हावेत, आणि मुदत उलटून आरक्षण रद्द होण्यापूर्वी ते ताब्यात घ्यावेत. दीडशे माणसांच्या एका मोठ्या आश्रमाऐवजी सातही तालुक्यांत वीस-पंचवीस जणांची लहान निवासस्थाने व्हावीत, म्हणजे म्हातारपणी मुलूख सुटणार नाही. ज्या घरकुलात वृद्ध राहतो, तेथे उतार, दांडा आणि रुंद दार यांसाठी वाढीव अनुदान मिळावे. आणि कलम १९ मधील 'शकेल' हा शब्द काढून टाकावा.

यापैकी पहिली मागणी दिल्लीला जाण्याची वाट पाहत नाही. विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत असते. जमीनमालक आणि बांधकाम ठेकेदार त्या मुदतीत हजर असतात. म्हातारी माणसे नसतात. पुढच्या वेळी त्या रांगेत काठ्या टेकीत शंभर माणसे उभी राहिली, तर आराखड्याचा रंग बदलल्याशिवाय राहणार नाही.