शनवार तेल्यांची पाठशाळा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही मात्र यंदा ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाचा विषय निवडला आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सिनेगॉग नाही, तेव्हा हे खूळ कोठून निघाले असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण ज्यांच्याविषयी बोलायचे ते बेने इस्राएल लोक आपल्यासारखेच मराठी बोलणारे, आणि मूळचे घाण्यावर राबणारे कामकरी. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटासमोर बरेच झाले. त्या वाचनात हे लोक भेटले आणि एक गोष्ट मनात घर करून बसली: मुलाला परंपरा शिकवायची तर पुस्तकाच्या आधी सवड लागते.

या लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही माणसे कुलाब्याच्या खेड्यांतून पसरली, तेल गाळू लागली, गावांवरून दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी आडनावे घेऊ लागली. हिब्रू भाषा विसरली. राहिली ती ‘शेमा’ नावाची एक प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि शनिवार. शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. दुसरे तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवीत, ते ‘सोमवार तेली’.

आता कल्पना करा. घरात पोथी नाही, गुरुजी नाही, पाटी नाही. पण सहा दिवस करकरणारा घाणा सातव्या दिवशी गप्प होतो, बैल मोकळा राहतो, बाप घरी असतो. चार वर्षांचे पोर विचारणारच, आज घाणा का बंद? आमच्या मते हीच त्यांची पहिली पाठशाळा.

दुसरी पाठशाळा चूल. सणांची हिब्रू नावे विसरली तेव्हा या लोकांनी ती मराठीत पाडली. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. उपासाच्या मोठ्या दिवशी दारे लावून घरात बसत, तो ‘दरफाळणीचा सण’. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून तो ‘होळीचा सण’. वल्हांडणाला आंबवलेले काही चालत नाही, तेव्हा आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवावयाचे. म्हणून तो ‘अनाशी ढाकाचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला. पंडिताला हे अडाणीपण वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. आईच्या तोंडचा शब्द आणि तिच्या हातचा पदार्थ यांना धरून लेकराच्या ध्यानात राहील असेच हे शिक्षण होते.

कोचीनकडून आलेल्या डेव्हिड रहाबी नावाच्या गृहस्थाची कथा प्रसिद्ध आहे. हे लोक खरेच ज्यू आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले-पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. आम्ही हे खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. परीक्षा दिली ती बायकांनी, आणि तीही माशांच्या टोपलीवर! मग त्याने तीन जणांना शिकवून तयार केले. गंमत अशी की हिब्रूचे वर्ग पुरुषांचे सुरू झाले.

१७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. यानंतर अक्षरांचा काळ आला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, तो फारसा साधला नाही; व्याकरण मात्र कामी आले. आपल्या मुलांसाठी आपलीच शाळा हवी म्हणून हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा उभी केली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. जोसेफ एझिकेल राजपूरकर हे डेव्हिड ससूनांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास तर बायबलातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. टाळ-झांजांच्या साथीने मोशेची कथा! ज्या मुलाला अलेफ-बेथ येत नव्हते, त्यालाही ती कळली.

अक्षरांविषयी थोडे सांगितले पाहिजे. हिब्रूची अक्षरे बावीस, ओळ उजवीकडून डावीकडे. मलकापूर-खामगावच्या उर्दू शाळांतल्या पोरांना यात काही विशेष वाटणार नाही. स्वर दाखवायला अक्षराखाली-वर ठिपके आणि रेघा देतात, आपल्या काना-मात्रा-उकारांसारख्या. पण सराव झाला की ठिपके काढून घेतात, आणि मूल उघड्या अक्षरांवर वाचू लागते. मराठी मुलाला एक फायदा असा की ‘त्सादी’ या अक्षराचा उच्चार इंग्रज पोराला शिकवावा लागतो. आपल्याकडे ‘चोर’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर तो आधीच आहे.

पण अक्षरे येणे म्हणजे परंपरा येणे नव्हे. आपल्या विहारांतून लहान मुले पाली त्रिसरण-पंचशील खणखणीत म्हणतात. अर्थ सांगणारा भेटला तर ते टिकते, नाहीतर पाठांतर राहते. हिब्रूचेही तेच. या बाबतीत ज्यूंची वल्हांडणाची रात्र आम्हाला फार शहाणी वाटते. त्या रात्री घरातले सर्वांत धाकटे मूल विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मोठ्यांनी कथा सांगावयाची. उत्तरात काय सांगतात? इजिप्तमधल्या गुलाम वीटभट्टी-मजुरांची हकीकत. फारोने विटांना लागणारा भुसा देणे बंद केले, पण विटांचा आकडा तोच ठेवला. आकडा भरला नाही की मुकादमांना मार. वीटभट्टीवर गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ताटात खजुराचे दाट कालवण असते, ते गाऱ्याच्या आठवणीचे. कडू पाला असतो. आणि घाईत निघाल्यामुळे न फुगलेली भाकर. १८७४ साली पुण्यात या विधीचे सचित्र पुस्तक हिब्रू-मराठीत छापले गेले, आणि चित्रांत भाकर करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.

आता सवडीकडे वळू. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १० जून १८९० रोजी गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. रविवार खंडोबाचा, हाही त्यांचा एक मुद्दा होता. आम्हा कामगारांचा तो मोठा विजय, त्यात उणे काढण्याचा प्रश्नच नाही. पण शनवार तेल्यांची मुले तेव्हा घाणा सोडून रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत शिरत होती. घाणा स्वतःचा होता, तो बंद ठेवता येई. साहेबाची कचेरी कशी बंद ठेवणार? शनिवारी बाप कामावर, आणि घरात पोराने विचारावे असे काही घडतच नाही. आज मुंबई-ठाण्याकडे ज्यू मुलांचे वर्ग रविवारी भरतात, ते यामुळेच. शिक्षक आस्थेने शिकवतात, मेणबत्त्या, गाणी, खेळ सर्व असते. पण शनिवारचे महत्त्व रविवारी सांगावे लागते.

१९४८ नंतर बहुतेक लोक इस्राएलला गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. तिकडे त्यांचे स्वागत एका विचित्र प्रश्नाने झाले. विवाहाच्या वेळी तेथील धर्मपीठाने त्यांच्या वंशाची चौकशी मांडली. ज्यांनी पोथीवाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांनी कागद दाखवावा! या तेल्यांच्या नातवंडांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. ही पद्धत ते कोठून शिकून गेले असतील, ते या सभेला सांगायला नको.

आज अश्दोद, लोद, दिमोना या गावांतून त्यांची नातवंडे-पतवंडे वाढतात. हिब्रू तेथे रस्त्यावरची आणि शाळेची भाषा. तिच्यासाठी वेगळा वर्ग लागत नाही, आणि शनिवारी बसगाड्याही बहुतेक बंद. तेथे आता शिकवावी लागते ती मराठी. त्या लोकांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. मलिद्याचे ताट एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने तेथेही मांडतात, पोहे, नारळ, साखर, फळे घालून. आणि ते पोहे का, हे नातवाला सांगताना आजीला कोकणातली गावे सांगावी लागतात.

आम्हाला दिलेला वेळ संपत आला आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारा, विशेषतः पुढे बसलेल्या मुलांनी. आम्ही येथेच बसलो आहोत.